पाळणाघराचा पुकारा

ठकी सापडली ती आरोपीच्या पिंजऱ्यात. एका खिसेकापूच्या कडेवर बसून, दोन्ही तळहात पुढे पसरून ती सगळ्या कोर्टाकडे टकामका बघत होती. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ही कोणत्या गुन्ह्यातली?"

"माझी साथीदार नाही, साहेब," खिसेकापू घाईघाईने म्हणाला. "आपल्या पायांनी आली. पायरीवरून पडेल म्हणून उचलली, बाकी मी हिला ओळखतही नाही."

कोर्ट खदखदून हसलं. हसली नाही ती एकटी ठकीची आई. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वकिली करायची. तिच्या काळ्या कोटाला अजून फारशा सुरकुत्याही पडल्या नव्हत्या, म्हणून सगळे तिला धाकट्या वकीलबाई म्हणत. निरोप कानावर पडताच ती जिन्यावरून अशी सुटली की एक चप्पल मधल्या पायरीवरच राहिली. तिने लेकीला खिसेकापूच्या हातातून ओढून घेतलं, आणि बाहेर येऊन भर व्हरांड्यात, अशील आणि पोलिसांच्या देखत ओरडली, "त्या बाईला काढून टाका! आजच्या आज काढा!"

ती बाई म्हणजे पाळणाघरातली मावशी. कोर्टात काम करणाऱ्यांची मुलं तळमजल्यावरच्या एका लांबोळक्या खोलीत दिवसभर असत आणि ती सगळी एकट्या मावशीच्या ताब्यात. मावशीचा आवाज भरदार. आजूबाजूला कोर्टच असल्यामुळे तिने मुलांनाही कोर्टाचीच सवय लावली होती. खाण्याची वेळ झाली की ती कमरेवर हात ठेवून पुकारा करायची, "हाजिर हो!" की मुलं असतील तिथून धावत यायची आणि हात धुवून घ्यायला तळवे पुढे करून उभी राहायची. वकील मंडळी येता-जाता हे काचेतून बघत आणि हसत.

दारावरच्या त्या काचेशी ठकीच्या आईचं नाक दिवसातून इतक्यांदा टेकायचं की काचेवर तिथे कायमचा डाग पडला होता. मूल ठेचकाळेल का, कोणी चावेल का, गिळू नये ते गिळेल का, याची एक न संपणारी यादी तिच्या डोक्यात सतत चालू असे. कोर्टात उभी असतानाही तिचा एक कान खाली असायचा. आणि तिच्या यादीत नसलेलं नेमकं तेच घडलं होतं. दार उघडलं होतं आणि लेक बाहेर गेली होती. सरळ गेली म्हणून समोरच्या कोर्टात पोचली. उजवीकडे वळली असती तर फाटक होतं आणि फाटकापुढे रस्ता.

रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून तो रस्ता हलला नाही. सकाळी मात्र काहीतरी विचित्रच झालं. ठकीला सोडायला गेली तेव्हा मावशी रडेल, पाया पडेल, निदान तोंड फिरवेल, असं तिला वाटलं होतं. मावशीने ठकीला नेहमीसारखं घेतलं, तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही बोललात ते आईच्या जागी बरोबरच बोललात. पण माझ्यामागे जी कोणी येईल तिला एवढं सांगून ठेवा, हिला दूध गार चालत नाही आणि झोपताना हिचा डावा पाय चोळावा लागतो."

डावा पाय चोळावा लागतो, हे ठकीच्या आईलाही माहीत नव्हतं.

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं की आपण मावशीला काढू द्यायचं नाही. तो वैतागला. "काल काढा म्हणून तूच टाहो फोडलास. आता समितीवाले काढतायत तर तुला काय झालं?"

"काल मी ओरडत होते. आज विचार करतेय."

"मग जरा कमी कर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी पाळणाघराची समिती बसली. समितीत माणसं तीनच. मॅजिस्ट्रेटबाई अध्यक्ष. त्यांचा मुलगा याच पाळणाघरात वाढून आता मोठ्या शाळेत गेला होता. दुसरे सरकारी वकील. त्यांची जुळी मुलं ठकीच्याच वयाची आणि त्यांचा आवाज असा की सगळं कोर्ट त्यांना पाठीमागे तोफ म्हणायचं. तिसरे मुख्य कारकून, ज्यांच्या ताब्यात इमारतीच्या किल्ल्या आणि कुरबुरी दोन्ही असत. वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत रंगकाम निघाल्यामुळे त्या आठवड्यात मॅजिस्ट्रेटबाईंचं कोर्ट खाली, पाळणाघराच्या बरोब्बर समोरच्या खोलीत भरत होतं. समितीही तिथेच बसली. सवयीने बाई उंच खुर्चीवर, तोफ डावीकडे, कारकून खाली. ठकीच्या आईला फिर्यादीच्या बाकावर बसवलं. आरोपीचा पिंजरा रिकामा.

"फार वेळ घेत नाही," तोफ म्हणाले. "सरळ प्रकरण आहे. मूल हिच्या ताब्यात होतं, मूल बाहेर गेलं. केलं ते भरावं. न्याय न्याय म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?"

"मला तर पुढची काळजी," कारकून म्हणाले. "हिला सोडलं तर झाडणारी, पाणी भरणारी, सगळ्याच सैल होतील. एकीला दारात उभी केली की बाकीच्या आपोआप ताठ होतात."

मॅजिस्ट्रेटबाई शांतपणे म्हणाल्या, "मला सूडही नको आणि धाकही नको. ती दाराजवळ नसली की मुलं सुरक्षित. एवढंच मी बघते."

ठकीच्या आईला एकदम हसू फुटलं. कॉलेजात याच प्रश्नाचं उत्तर लिहून तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. शिक्षा कशासाठी? कोणी म्हणतं फेड म्हणून, कोणी म्हणतं धाक म्हणून, कोणी म्हणतं धोका दूर ठेवायला, कोणी म्हणतं माणूस सुधारावा म्हणून. इथे एकेक सिद्धान्त एकेक खुर्ची अडवून बसला होता. सुधारणेला तेवढी खुर्ची कमी पडली होती.

"हसताय काय?" तोफ म्हणाले. "तुमच्याच मुलीसाठी चाललंय हे."

"मावशी कुठे आहेत?"

"समोर. मुलांपाशी. त्यांचं इथे काय काम?"

"ज्यांना शिक्षा द्यायची त्यांना निदान कळवायला नको?"

"अहो वकीलबाई, हे काय कोर्ट आहे का?"

"नाही ना? मग शिक्षा कशी देताय?"

कारकुनांनी खोकून घेतलं. मॅजिस्ट्रेटबाई खुर्चीत सावरून बसल्या. ठकीची आई उठून उभी राहिली.  तोफेपुढे ती आजवर कधी टिकली नव्हती. जामिनाच्या साध्या अर्जावरही ते तिला दोन वाक्यांत झोपवायचे.

"मावशींनी मुद्दाम दार उघडलं असं कोणी म्हणतंय का? नाही. म्हणजे इरादा नाही. उरला निष्काळजीपणा. तर मूल बाहेर गेलं तेव्हा मावशी काय करत होत्या? सांगा ना. गप्पा मारत होत्या? झोपल्या होत्या?"

कारकुनांनी किल्ल्यांचा जुडगा चाळायला घेतला.

"दार उघडं कसं राहिलं? काल दुपारी त्या दारातून मी गेले, साहेब, तुम्ही जुळ्यांचे कपडे द्यायला गेलात, कारकूनकाका दिवा बघायला गेले. कडी कोणी लावली नाही? मी शपथेवर सांगू शकत नाही. तुम्ही सांगाल?"

"मी कडी लावतोच," तोफ म्हणाले.

"हे आरोपीही म्हणतात. तुम्ही विश्वास ठेवता?"

तोफेचा चेहरा लाल झाला. "तुम्हीच व्हरांड्यात ओरडलात. सगळ्यांनी ऐकलंय. आजच्या आज काढा. शब्द तुमचे, बाई, माझे नाहीत!"

"ओरडलेच. त्या क्षणी माझ्या हातात सुरी असती तर मी काय केलं असतं ते मला सांगवत नाही. म्हणूनच तर निकाल आईच्या हातात देत नाहीत! ज्याचं जळतं त्याने ओरडावं आणि ज्याचं जळत नाही त्याने थंड डोक्याने ठरवावं, याचसाठी ही उंच खुर्ची बनवलीय ना? तुम्ही तर माझं ओरडणंच उचललंत आणि त्याचा निकाल केलात. माझ्या नावाने होणारी ही शिक्षा मला मान्य नाही. चूक ठरली तरी ही शिक्षा मान्य नाही. इतकी वर्षं इतकी मुलं वाढवली, त्याला एका दुपारपुढे काहीच वजन नाही?"

मॅजिस्ट्रेटबाईंनी हात वर केला. त्या हळू बोलत, आणि म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागे. "समजा, तुमचं ऐकलं. उद्या दुसरं मूल उजवीकडे वळलं. फाटकाबाहेर गेलं. मग?"

ठकीच्या आईच्या डोळ्यांपुढे पुन्हा तो रस्ता. क्षणभर वाटलं, खाली बसावं, मान डोलवावी, लेकीला छातीशी धरून घरी जावं. कोण काय म्हणणार होतं?

"ती भीती इथे माझ्याइतकी कोणाला नाही," ती म्हणाली. "पण ती माझी आहे, बाई. ती मी मावशींच्या डोक्यावर फोडणार नाही."

"मग मुलीला दुसरीकडे ठेवा," तोफ म्हणाले. "प्रश्न मिटला."

"ठेवणार नाही. ठकीही इथेच राहील आणि मावशीही. काढायचंच असेल तर आधी मला काढा."

तेवढ्यात व्हरांड्याच्या दूरच्या टोकाला, अजून चालू असलेल्या एका कोर्टाच्या शिपायाने कोणा पक्षकाराला पुकारलं. नाव नीट ऐकू आलं नाही. शेवटचं "हाजिर हो" तेवढं भिंतींवर आपटत इथवर आलं.

ठकीच्या आईची नजर रिकाम्या पिंजऱ्याकडे गेली. खिसेकापूच्या कडेवरची ठकी. पुढे केलेले ते दोन तळवे. काल सगळे त्यावर हसले होते, ती स्वतः ओरडत होती, आणि मूल हात असे का धरून बसलंय हे एकानेही विचारलं नव्हतं. आणि हे कोर्ट याच आठवड्यात खाली आलेलं. शिपाई पाळणाघराच्या दाराकडे पाठ करून ओरडत होता.

"बाई, एकच विनंती," ती म्हणाली. "आरोपीला ऐकल्याशिवाय काही ठरवू नका. मी पुकारा करते."

"हा काय पोरखेळ चाललाय!" तोफ म्हणाले. तोवर ती दारात पोचली होती. तिने व्हरांड्यात उभं राहून, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला, "पाळणाघराच्या मावशी, हाजिर हो!"

समोरच्या बंद दारामागे आधी खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग पावलांची धडधड. दारावर आतून दोन्ही हातांची थाप बसली, दार हादरलं, आणि वरची, आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणारी कडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खळकन खाली पडली. दार उघडलं. सर्वांत पुढे ठकी. तिच्यामागे तोफेची जुळी, मग बाकीची पलटण. समोरच्या उजेडाच्या खोलीत ती सगळी घुसली आणि मोठी माणसं दिसतील तिथे तळवे पसरून उभी राहिली. एक जुळा आपल्या बापासमोर, दुसरा मॅजिस्ट्रेटबाईंच्या पायऱ्यांशी.

शेवटी धापा टाकत मावशी आली. तिच्या खांद्यावर सगळ्यांत लहान मूल होतं आणि पदरावर ओकलेल्या दुधाचा डाग.

"कोणी पुकारलं?" ती ओरडली. "ही काय खाण्याची वेळ आहे? कडी लावली होती मी!"

"होती," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. त्या पडलेल्या कडीकडे बघत होत्या. "दिसलं. काल दुपारी तुम्ही काय करत होतात, मावशी?"

"सांगते. पण आधी यांचे हात धुवून घेते." मावशीने खांद्यावरचं बाळ सरळ सरकारी वकिलांच्या हातात दिलं. "बोलावलंय तर रिकाम्या हाती पाठवता येत नाही. एकदा हाक खोटी ठरली की पुन्हा येत नाहीत ती."

समिती थांबली. कोपऱ्यातल्या पिंपापाशी तळव्यांची एकेक जोडी येत गेली. ठकीच्या आईने बाह्या वर करून तांब्या धरला. पाणी घालता घालता मावशी पाठमोरीच बोलली, "काल बाकीची झोपली होती, ठकी तेवढी जागी. हे तान्हं ओकलं, श्वास अडकला होता त्याचा. पालथं घालून पाठ थोपटत होते. दाराकडे माझी पाठ होती, ते खरं. ते मी नाकारत नाही. आता तुम्हीच सांगा, यातलं कुठलं पोर सोडून कुठलं बघायचं होतं?"

तोफेच्या हातातलं तान्हं त्यांचा काळा कोट चोखत होतं. 

"ताकीद तरी?" कारकून पुटपुटले.

"कशाबद्दल?" ठकीची आई तांब्या हातात घेऊन वळली. "नाव सांगा गुन्ह्याचं. आधी सांगितलेला नियम कोणता मोडला ते सांगा. नंतर सुचलेल्या नियमावर शिक्षा होत नाही, काका."

मॅजिस्ट्रेटबाई उंच खुर्चीवरून उतरल्या. "मावशी राहतील. कडी उद्या बदला आणि मदतीला अजून एक बाई द्या. माझा शिपाई इथे ओरडणार नाही, पलीकडे ओरडेल. कोर्ट खाली आणायचं मीच ठरवलं होतं." मग त्यांनी पायऱ्यांशी उभ्या असलेल्या जुळ्याचे ओले हात आपल्या रुमालाने पुसले.

दुसऱ्या दिवशी दाराला नवी, जाड कडी बसली. ठकीच्या आईचं नाक मात्र काचेला टेकायचं राहिलं नाही. दुपारी ती पुन्हा तिथे उभी दिसली तेव्हा मावशीने आतूनच हात हलवला.

"वकीलबाई, तुमची इथली तारीख संध्याकाळची आहे. निघा!"

"नाही निघत," ती म्हणाली, आणि काचेवर डोकं टेकून लेकीचा डावा पाय कसा चोळतात ते नीट बघत राहिली.