शिट्टी घालणारी कुत्री

माझ्या सासऱ्यांनी ऐन उमेदीत उत्तरेकडच्या उंच, बर्फाळ डोंगरात रानकुत्री पाहिली होती, असं त्यांचं म्हणणं. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि एकमेकांना हाक मारायची तर भुंकणं नाही, शिट्टी. या शिट्टीनेच त्यांचा घात केला. गॅसवरची शिट्टीची किटली वाजू लागली की माझा नवरा हमखास म्हणायचा, "बाबा, तुमची कुत्री आली." सगळे हसायचे, सासरेही हसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हाच हा विनोद शिळा झाला होता. तरी नव्या सुनेने हसावं म्हणून मी हसले आणि पुढे ती सवयच लागली.

सासऱ्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. इमारतींच्या अंधाऱ्या विहिरीत ग्रीसने माखून त्यांनी लोकांना वर-खाली नेलं. नवरा विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं घर जळालं तरी हा आधी फोटो मागतो. मी कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, प्लास्टर ओतायचं, घासून चकचकीत करायचं. गावातली बरीच माणसं माझ्या हातचं हसतात, त्यामुळे हसण्याचं मला फारसं कौतुक नाही.

यंदा डॉक्टरांनी सासऱ्यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, चढायचं असेल तर आत्ताच चढा. पुढे डोंगर विसरायचा. घरी आल्यावर सासरे म्हणाले, कुत्री दिसली होती त्या खिंडीत एकदा जायचंय, आणि पोराला घेऊन जायचंय. त्यांना हौस डोंगराची नव्हती. मुलाने आपल्या डोळ्यांनी बघावं आणि 'बाबा, तुमचं खरं होतं' म्हणावं, एवढंच हवं होतं. हे नवऱ्यालाही कळलं असावं, कारण एरवी सतरा कारणं सांगणारा हा माणूस लगेच तयार झाला. सासू हयात नाही, म्हणून गुडघ्याचं मलम आणि पट्टे घेऊन मीही निघाले.

झाडं मागे पडली आणि नुसते सुटे दगड उरले. सासरे काठी टेकत, प्रत्येक पाऊल आडवं टाकत चढत होते. नवरा गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे. मधूनच शिट्टी घालायचा आणि मागे वळून बघायचा. सासरे मान वर न करता पुढचा दगड काठीने चाचपायचे.

खिंडीत पोचलो आणि नवऱ्याला ऑफिसचा फोन करायची आठवण झाली. खालच्या कुठल्याशा गोदामाचा दावा अडकला होता. रेंज शोधत तो बाजूच्या उंचवट्यामागे गेला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकंच अंतर. आम्ही दोघं एका खडकाला पाठ लावून बसलो.

शिट्टी आली तेव्हा मला आधी किटलीच आठवली. मग उतारावरून दुसरी आली, तिला उत्तर देणारी. खालच्या बर्फाच्या पट्ट्यावर एकामागून एक तांबूस कुत्री दुडक्या चालीने आली. त्यातलं एक थांबलं आणि त्याने सावकाश जांभई दिली. धंद्यातली असल्यामुळे माझं लक्ष दातांकडे गेलं. तसे दात मी जन्मात कुणाला बनवून दिले नसते.

सासऱ्यांनी माझं मनगट पकडलं होतं. नवरा गेला होता त्या उंचवट्याकडे बघत मी हळूच विचारलं, "हाक मारू त्याला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मागच्या वेळी मी ओरडलो होतो," ते कुजबुजले. "सोबतचे वळून बघेपर्यंत पळाली."

हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. पुन्हा दिसली तर ओरडायचं नाही, हे त्यांनी मनाशी इतकी वर्षं घोकून ठेवलं असणार. ते एकदा कुत्र्यांकडे बघत, एकदा उंचवट्याकडे. पोरगा आपणहून येईल अशी त्यांना आशा होती. मलाही होती, आणि नवऱ्याचा राग येत होता. कुत्री बर्फात थोडी लोळली, नाकाला नाक लावून हुंगली आणि पलीकडच्या कड्याआड गेली.

मग बुटांखाली दगड घरंगळवत नवरा आला. सासरे म्हणाले, "येऊन गेली रे."

"वा! मी वळल्याबरोबर?" तो हसला.

मला राहवलं नाही. "आली होती," मी म्हटलं. "मी पाहिली. शिट्टीसुद्धा ऐकली."

त्याचं हसू गेलं. "तू पाहिलीस? मग असणारच." आणि कॅमेरा सावरत तो कड्याकडे धावला.

जळलेल्या घराचा फोटो मागणारा माणूस! माझ्याकडे त्याने काही मागितलं नाही. मला वाटलं, मी सासऱ्यांचा खटला जिंकून दिला. खुशीने त्यांच्याकडे वळले, तर ते काठीचं रबरी टोपण घट्ट आहे की नाही ते बघत होते. घट्टच होतं.

"बरं झालं तू होतीस," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता पाहुणे आले की नवरा कौतुकाने सांगतो, आमच्या हिने डोंगरात रानकुत्री पाहिली, चक्क शिट्टी घालतात. पाहुणे माझ्याकडे बघतात. सासरे मान डोलावून म्हणतात, "हो, हिने पाहिली." मी उठते आणि वाजायच्या आत किटली उतरवते.