ते चित्र विकलं गेलंय

माझ्या बायकोची चित्रं बघून माझ्या पोटात दुखायचं, हे आज मी सरळ सांगतो. तेव्हा मी म्हणायचो, रंगाच्या वासानं डोकं धरतं.

ओतिलियानं टुसॉन शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलीनं तिला रंग आणि चार कुंचले आणून दिले. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे, जाईल. तीन वर्षांनी बिस्बीच्या एका चित्रदालनानं तिची अकरा चित्रं मागवून घेतली आणि सप्टेंबरातल्या लेबर डेच्या जोडून येणाऱ्या सुट्टीत प्रदर्शन ठरलं.

"शुक्रवारी बिस्बी, शनिवारी दुपारून सिल्व्हर सिटी, सोमवारी घरी," ती म्हणाली. "आपण दोघंच असे कधी गेलोय का रे फाउस्तो?"

गेलो नव्हतो. मी छतांवरचे कूलर दुरुस्त करतो, त्यामुळे उन्हाळा सगळा दुसऱ्यांच्या घरांवर जातो. आमच्या भागात मला लहानथोर ओळखतात. ओतिलिया बाजारात गेली की लोक तिला विचारायचे, "तुम्ही फाउस्तोच्या ना?" मला ते आवडायचं. किती आवडायचं ते बिस्बीला पोचल्यावर कळलं.

बिस्बी म्हणजे तांब्याच्या खाणीचं जुनं गाव. खाण बंद पडली, खाणकामगार गेले, आणि डोंगराला चिकटलेल्या त्यांच्या घरांत चित्रकार, कुंभार, काच फुंकणारे येऊन राहिले. घराला जायचं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. त्या चढून आम्ही दालनात शिरलो तर थर्मन नावाचा मालक, साठीचा, पांढऱ्या दाढीचा, दोन्ही हात पसरून पुढे आला.

"ओती! आलीस!"

मला तिला ओती म्हणायला लग्नानंतर वर्ष लागलं होतं. ह्याला तीन पत्रं आणि दोन फोन पुरले.

"आणि हे?" त्यानं विचारलं.

"माझा नवरा."

"वा वा, नशीबवान आहात!" एवढं बोलून तो पुन्हा तिच्याकडे वळला. दोघं एका चित्रासमोर उभे राहून सावलीचा रंग जांभळा की निळा यावर बोलत राहिले. ती हातवारे करत होती. घरी ती असं बोलत नाही. घरी ती विचारते, भात वाढू का.

खरं सांगायचं तर थर्मनचा राग लवकर ओसरला. तो सगळ्यांशीच तसा वागत होता, पोस्टमनच्यासुद्धा गळ्यात पडत होता. खरा काटा रुतला तो मधल्या भिंतीवरच्या मोठ्या चित्राचा. शाळेचं स्वयंपाकघर, भलंमोठं स्टीलचं पातेलं, आणि केसांना जाळीच्या टोप्या घातलेल्या तीन बायका. तिघी हसत होत्या, अशा की एकीनं दुसरीचा खांदा धरला होता, पडू नये म्हणून. त्यातली उजवीकडची ओतिलिया.

सव्वीस वर्षं मी तिला रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी सोडत होतो. ती दमून घरी यायची, पाय कोमट पाण्यात घालून बसायची. मला वाटायचं, बिचारी राबते. ती आत असं हसत होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी दालन भरलं. लोक तिच्याभोवती आणि मी कोपऱ्यात, हातात गार झालेली कॉफी. एक उंच बाई त्या मोठ्या चित्रापुढून हलेना. डोळे पुसले, पुन्हा बघितलं, मग विचारायला दालनातलं कोणी दिसेना म्हणून माझ्याकडे आली.

"तुम्ही इथलेच का? हे चित्र मला घ्यायचंय."

मी मान वरही केली नाही. "ते विकलं गेलंय," मी म्हणालो.

"अरेरे," ती म्हणाली आणि निघून गेली.

एवढंच. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं होतं, मन खाईल. पण उलट बरं वाटलं. दुपारी डग्लसवरून सिल्व्हर सिटीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी शीळही घातली. ओतिलिया म्हणाली, "आज स्वारी खुशीत आहे!" आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, लांब डोंगर, मैलोन्मैल एक गाडी नाही. त्या वाटेवर मी खरंच सुखात होतो. हेच सांगायला लाज वाटते.

रविवारी सकाळी सिल्व्हर सिटीत न्याहारीला बसलो. हिरव्या मिरचीच्या रश्शात बुडवलेली अंडी आली होती. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी उठून आलं. तीच उंच बाई.

"माफ करा हं, काल बिस्बीत तुमची चित्रं बघितली," ती ओतिलियाला म्हणाली. "मी योलांदा, लास क्रूसेसची. ते स्वयंपाकघराचं चित्र हुकलं, फार चुटपुट लागली. माझ्या आईनं तीस वर्षं असंच शाळेत रांधलं. ऐंशी वर्षांची आहे. म्हटलं, तिला दाखवावं."

"हुकलं म्हणजे?" ओतिलियानं विचारलं.

"विकलं गेलं ना? ह्यांनीच तर सांगितलं."

ओतिलियानं माझ्याकडे बघितलं. मी भाकरीचा तुकडा रश्शात फिरवत राहिलो.

"विकलेलं नाही," ती त्या बाईला म्हणाली. "हा खोटं बोलला. तुम्ही पत्ता द्या. आज संध्याकाळी आम्ही चित्र घेऊन येतो."

"अहो, कुठे बिस्बी, कुठे लास क्रूसेस! मी मागवून घेईन की."

"नाही. हाच आणून देईल."

गाडीची किल्ली तिनं माझ्या हातातून घेतली. गाडी परत बिस्बीच्या रस्त्याला लागली. लॉर्ड्सबर्ग मागे पडल्यावर मीच म्हणालो, "काहीतरी बोल ना गं."

"काय बोलू? बाई आवडली नाही तुला?"

"बाईचं काय..."

"मग चित्र आवडलं नाही?"

"तुम्ही तिघी हसताय त्यात," मी म्हणालो.

तिनं गाडी कडेला घेतली. "हसलो म्हणून?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? शाळेच्या आत तरी आलास कधी, सव्वीस वर्षांत? वर्षाअखेरीला नवऱ्यांना जेवायला बोलवायचे. बाकीच्यांचे यायचे. तुझं आपलं, कूलर आहे, कूलर आहे." तिचा आवाज चढला होता. "मला वाटलं, चित्र बघून तरी विचारशील, ह्या कोण. तू म्हणालास, पातेलं छान आलंय."

म्हणालो होतो खरा.

बिस्बीत तिनं मला एकट्याला पायऱ्या चढायला लावल्या. थर्मनला मी जे केलं ते सांगितलं. तो दाढी खाजवत ऐकत राहिला.

"माझ्या दालनात उभा राहून माझंच गिऱ्हाईक पळवलंस," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे ओतीसाठी विसरतो. तुझ्यासाठी नाही." मग त्यानं चित्र कागदात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. मदतीला कोणी दिलं नाही. ते दोन्ही हातांनी धरून मी एवढ्या पायऱ्या उतरलो.

ऊन कलताना लास क्रूसेसला पोचलो. योलांदाची आई, सेलेस्तीनाबाई, खुर्चीत बसली होती, मूठभर बाई. मी कागद सोडला. म्हातारी खुर्चीत पुढे सरकली आणि चित्रावर बोट टेकवत म्हणाली, "ही काहीतरी वाह्यात बोललीय. हो ना? मधलीच बोललीय."

"ग्रेसिएला!" ओतिलिया म्हणाली. "मुख्याध्यापकांच्या विजारीबद्दल!"

"आमच्यात एक होती तसलीच. डाळ करपली तरी तिची गोष्ट संपायची नाही."

दोघी सुरू झाल्या. शेकड्यांनी काढायची घावनं, सांडलेलं दूध, सकाळी सहाला पेटवायच्या शेगड्या. योलांदानं मला सरबत दिलं. मी दाराशी बसून ऐकत होतो, आणि माझ्या पोटात तेच दुखणं पुन्हा उठलं, जरासुद्धा कमी नाही. तासाभराच्या ओळखीची म्हातारी माझ्या बायकोच्या आयुष्यात माझ्यापेक्षा आत जाऊन बसली होती.

मध्येच तिनं मला विचारलं, "तुम्ही हो, यजमान? तुम्हाला बघितलंय का ह्या बायकांनी?"

"फाटकापर्यंत," मी म्हणालो.

म्हातारी खदखदून हसली. ओतिलियाही हसली, तशीच, खांदे हलवत. माझ्यावर हसल्या, पण मी तिथे होतो.

सोमवारी सकाळी लास क्रूसेसहून घराकडे निघालो. गाडी अजूनही तीच चालवत होती.

"ती डावीकडची," मी विचारलं, "तिचं नाव काय?"

तिनं आधी पुढचा ट्रक ओलांडला. मला शिक्षा चालू आहे असं वाटलं, आणि होतीच.

"फ्लोरिंदा," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी गेली. मी मयताला गेले होते. तू मला चर्चच्या दाराशी सोडलं होतंस."

"सांग तिच्याबद्दल."

"लांबलचक आहे."

"टुसॉनही लांब आहे," मी म्हणालो.

तिनं काच खाली केली, घसा साफ केला आणि फ्लोरिंदा पहिल्या दिवशी उलटा एप्रन घालून कशी आली तिथून सुरुवात केली.