चाकावरचं नाव

कांतानं कॉम्प्युटरची की दाबली आणि पडद्यावरचं चाक पुन्हा मधोमध तुटलं. वरचा अर्धा भाग मागे राहिला, खालचा पुढे गेला.

"अरे बाप्पा!" प्रभाकरराव म्हणाले. मुख्याध्यापक असूनही सकाळपासून ते कॉम्प्युटरच्या खोलीतून हलले नव्हते. "भैय्याजी जामहून निघाले म्हणते. अन् तुमचं चाक मोडूनच राह्यलं!"

"चाक मोडत नाही, सर. पडदा वरून खाली भरत येतो, सेकंदाला पन्नास वेळा. तो अर्धा भरला असताना मी नवं चित्र दिलं, तर वर जुनं दिसतं आणि खाली नवं."

"मग त्याले थांबाले सांगा ना, पडदा भरेपर्यंत."

सांगायला प्रोग्राममध्ये एकच ओळ लागत होती. कांतानं ती घातली. चाक जोडलं गेलं, एकसंध झालं, आणि असं रखडत फिरू लागलं की प्रभाकररावांनी कपाळावर हात मारला.

दोष त्यांचाच होता, पण मुख्याध्यापकाला तोंडावर कोण सांगणार? भैय्याजी संस्थेचे अध्यक्ष, हिंगणघाटात त्यांचा कापसाचा जिन, सरकी काढायचा कारखाना. म्हणून कांतानं पडद्यावर जिनातलं मोठं चाक रेखाटलं होतं. ते छान फिरत होतं. मग परवा प्रभाकररावांनी फर्मावलं की चाकाच्या पोटात भैय्याजींच्या मातोश्रींचं नाव हवं. खोली त्यांच्याच स्मरणार्थ बांधलेली. मराठी अक्षरं तेव्हाच्या यंत्राला ठाऊक नव्हती, म्हणून 'कै. रुख्माबाई'ची एकेक रेघ कांतानं आकडे मांडून ओढली. आता चाक पुसलं की नावही पुसलं जाई आणि दर वेळी दोन्ही नव्यानं काढावी लागत. त्यात पडद्याची एक फेरी हुकत होती, अगदी थोडक्यात. एसटी दोन मिनिटांनी चुकली तरी पुढच्या गाडीपर्यंत तासभर बसावं लागतं, तसंच हे. दर फेरी चुकायची, चाकाचा वेग निम्मा व्हायचा.

"नाव बाजूला घेऊ का?"

"किती वेळ लागते?"

"दोन तास तरी."

बाहेर जीप थांबली.

रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी कांता लागली होती आणि ती रजा दिवाळीला संपत होती. पुढे कॉम्प्युटरसाठी वेगळी शिक्षिका ठेवायची की नाही, ते भैय्याजी आज हे बघून ठरवणार होते. समुद्रपूरला वडलांना तिनं यातलं काहीच कळवलं नव्हतं.

भैय्याजी आले, हार घेतला, लगेच काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. सत्तरीचे, धोतरातले, बोलायला कमी. त्यांनी चाक पाहिलं, नाव पाहिलं.

"असं काऊन फिरते हे? आजारल्यावानी?"

"यंत्र थंड आहे जी अजून," प्रभाकरराव घाईनं म्हणाले.

"माह्या जिनातलं चाक असं फिरलं असतं, तर मी फिटरले घरी धाडलं असतं."

प्रभाकरराव हसले. कांताला हसू आलं नाही. तिला राग आला होता. तीन आठवडे खपून केलेलं काम तिच्याच डोळ्यांसमोर लंगडत होतं.

"मला एक मिनिट द्या," ती म्हणाली.

तिनं चाक थांबवलं आणि खालच्या ओळींकडे गेली. प्रभाकरराव तिच्या कानाशी वाकले.

"नावाले हात लावू नका हां, कांताबाई. पाया पडतो."

कांतानं नाव रेखाटायला सांगणारी ओळ पुसून टाकली आणि की दाबली.

चाक फिरलं. कुठं तुटलं नाही, कुठं रखडलं नाही.

"नाव कुठी गेलं?" भैय्याजींनी विचारलं.

"मी काढलं," कांता म्हणाली. "नाव ठेवलं तर चाक रखडतं. दोन्ही एका वेळी जमत नाही."

"भैय्याजी, माफी असावी, मी आत्ता..." प्रभाकरराव पुढे झाले.

भैय्याजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते चाकच बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, मूठभर काही घेतल्यासारखा पुढे गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला, चाकाच्या वेगात.

"माही माय जिनात सरकी काढाच्या रेच्यावर कापूस घाले," ते म्हणाले. "बारा वर्सं. रोजीनं. मी खाली सरकीच्या ढिगात खेळत राहो."

प्रभाकरराव दोन पावलं मागे सरले. दर स्नेहसंमेलनात ते रुख्माबाईंना जिनमालकीण म्हणत आले होते आणि भैय्याजींनी एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

"तिले नाव वाचता आलं नसतं," भैय्याजी म्हणाले. "हे वळखलं असतं."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, उघडपणे पुसले आणि उठले. दाराशी जाऊन वळले.

"पण बाई, याले पट्टा नाई. पट्ट्याबिगर चाक फिरते का कुठी? दिवाळीनंतर तेवढा लावजा."

पट्टा लावला तर फेरी पुन्हा हुकणार, हे कांताला पक्कं ठाऊक होतं.

"लावते," ती म्हणाली.