थेंबकाकूचं नाक

गल्लीतली माणसं तिला थेंबकाकू म्हणायची. कुणी काहीही गाऱ्हाणं घेऊन आलं, तरी ती आधी सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "थेंब थेंब घ्यायचं. घाई करायची नाही." तिचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक अरुंद खोली आणि तिच्यामागे एक लांबट, गार खोली. मागच्या खोलीत फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीत एकच वनस्पती दारूत भिजत पडलेली. कुठे पुदिन्याची पानं, कुठे झेंडूच्या पाकळ्या, कुठे तगरीची उग्र वासाची मुळं, कुठे ज्येष्ठमधाच्या काड्या. दारू हळूहळू त्यांचा रंग, चव, वास, सगळं ओढून घ्यायची. मग थेंबकाकू ते पातळ कापडातून गाळायची, चोथा मुठीत घट्ट पिळायची आणि अर्क लहान तपकिरी बाटल्यांत भरायची.

दोन वनस्पती एकत्र करायच्या नाहीत, हा तिच्या आईचा नियम. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "एका बाटलीत एकच झाड. म्हणजे गुण आला तर आभार कुणाचे मानायचे ते कळतं, आणि नाही आला तर भांडायचं कुणाशी तेही कळतं." दाढ ठणकली की लवंग, पोट फुगलं की पुदिना, खोकल्याला ज्येष्ठमध, खरचटल्यावर झेंडू, झोप उडाली की तगर. लोक पूर्वीपासून तेच घेत आले होते. यापलीकडचं काही आहे असा संशय आला, तर ती बाटलीला हातही न लावता सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवायची.

लहान बाटल्यांवर ती चिठ्ठ्या डकवायची, पण मोठ्या बरण्यांवर कधीच काही लिहिलेलं नसे. झाकण उघडायचं आणि हुंगायचं, एवढं पुरे. अर्क तयार झाला की नाही, हेही तिला तसंच कळे. कच्चा अर्क ओरडतो आणि मुरलेला बोलतो, असं ती म्हणायची.

मग एकदा तिला ताप आला. चांगला सणसणीत आला, अंग पिळून काढून गेला. उठल्यावर ती आधी मागच्या खोलीत गेली. उन्हं तपकिरी काचांमधून येऊन फरशीवर मधाच्या रंगाचे चौकोन पसरून बसली होती. तिने पुदिन्याची बरणी उचलली, झाकण फिरवलं, नाक अगदी काठाशी नेलं.

काहीच नाही.

तिने दुसरी बरणी उघडली, तिसरी उघडली. दारूची धग नाकाच्या आत जराशी टोचली, बस. खोली तीच, ऊन तेच, बरण्या त्याच; पण सगळ्यांनी एकदम तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती किती तरी वेळ स्टुलावर तशीच बसून राहिली. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं तिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापानंतर होतं असं कधी कधी. येईल नाक परत ताळ्यावर. न आलं तरी तसं घाबरायचं कारण नाही."

"न आलं तर माझं काय उरलं हो?" असं ती मनातल्या मनात म्हणाली. घरी मात्र कुणाला काही बोलली नाही.

घरी होता तो तिचा नवरा. जन्मभर ट्राम चालवलेला, आता निवृत्त झालेला, शब्दशः नाकासमोर चालणारा माणूस. लग्नानंतर लगेच थेंबकाकूने त्याला बजावलं होतं, की कामाच्या कपड्यांत मागच्या खोलीत यायचं नाही. ग्रीसचा वास अर्कांच्या डोक्यावर चढून बसतो. तेव्हापासून तो उंबरठ्याबाहेर थांबून चहाचा कप आत सरकवायचा. पुढे ग्रीस गेलं, ट्राम गेली, पण पाय तिथेच थांबायची सवय तेवढी राहिली.

थेंबकाकू आता रंगावर आणि जिभेवर काम चालवू लागली. जिभेला गोड, कडू आणि तिखट एवढंच कळत होतं, आणि काही अर्क तर फक्त कातडीला लावायचे; ते जिभेवर ठेवणंही बरं नव्हतं. तरी तिने निभावून नेलं. निभावून नेलं असं तिला वाटलं.

एका दुपारी समोरचा बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया. रात्रपाळीच्या कामाने त्याची झोप उलटीपालटी झाली होती, म्हणून त्याने तगरीचा अर्क नेला होता.

"काकू, एक विचारू? रागावू नका. मागच्या वेळचा अर्क गोड होता."

"गोड?"

"म्हणजे छान होता! पण तगर म्हणजे कसा, बाटली उघडली की आमचं मांजर घर सोडून जायचं. या वेळी मांजर मांडीवर बसून होतं."

थेंबकाकूने वळून मागच्या खोलीतल्या फळीकडे पाहिलं. दोन्ही अर्क गडद, दोन्ही बरण्या शेजारी; त्या दिवशी ती नुसत्या रंगावर गेली होती. तिने त्याला ज्येष्ठमध दिला होता.

"झोप लागली का रे तुला?"

"लागली की! म्हणूनच तर आणखी न्यायला आलो," तो म्हणाला आणि खो खो हसला.

तिला हसू आलं नाही. तिने खरं काय झालं ते त्याला तिथल्या तिथे सांगितलं, बाटली परत मागून घेतली आणि त्याच्या मागोमाग दुकानाचं शटर ओढलं. आज ज्येष्ठमध गेला. उद्या कातडीला लावायचा अर्क कुणाच्या पोटात गेला तर?

आत येऊन ती स्टुलावर बसली आणि तिला रडू कोसळलं. थोड्या वेळाने दाराशी चाहूल लागली. नवरा उंबरठ्यावर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अगं, कधीपासून?"

"तापापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय होणार होतं? तुम्ही काय नाक उसनं देणार होतात?"

तो जरा घुटमळला. मग अंगातला सदरा हुंगून बघितला, दोन्ही हात हुंगले आणि म्हणाला, "आता येऊ का आत?"

तिने डोळे पुसत मान हलवली. तो आत आला, मोठ्या पाहुण्यासारखा अवघडून, बरण्यांना धक्का लागेल म्हणून कोपरं अंगाशी आवळून. तिने पहिली बरणी त्याच्या हातात दिली.

"काय वास येतोय?"

त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला. "हिरवा."

"अहो, हिरवा काय हिरवा! झाडपाला आहे तो, निळा येईल का?"

"थांब ना जरा. नाक खुपसायची परवानगी आज मिळाली आहे." त्याने परत हुंगलं. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "टेकडीवरचा थांबा. सकाळी पहिली ट्राम घेऊन वर गेलो की दार उघडायचं आणि गार हवा अशी आत यायची, की दात शिवशिवायचे. तसं."

"पुदिना," थेंबकाकू म्हणाली.

दुसरी बरणी उघडताच तो दोन पावलं मागे सरला. "हे तर आमच्या डेपोतली विश्रांतीची खोली! सगळे ड्रायव्हर बूट काढून बसायचे ती."

"तगर!" आणि तापानंतर पहिल्यांदाच ती पोट धरून हसली.

मग तो दिवसच निराळा झाला. तो हुंगायचा, बोलायचा, आणि ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून ऐकायची. एका बरणीत कालव्याकाठचं वळण होतं, तिथे उन्हाळ्यात रूळ तापून मऊ पडल्यासारखे वाटायचे. एका बरणीत धुक्यातला लांबचा सरळ रस्ता होता, समोरच्या दिव्यापलीकडे काहीच नसलेला, आणि आपण हलतोय की रस्ता, हे न कळणारा. या शहरात तिचा जन्म गेला होता, पण हे शहर तिने पाहिलेलं नव्हतं. तिला वाटलं, खोलीच हळूच रुळांवरून सुटली आहे. फळ्या, बरण्या, फरशीवरचे मधाळ चौकोन सगळं घेऊन कुठेशी निघाली आहे, आणि पुढे हा माणूस उभा आहे, हातात दांडा धरून, मागे वळून न बघता तिला थांबे सांगत.

एक बरणी हुंगून मात्र त्याने तोंड वाकडं केलं.

"काय हो?"

"यात रस्ताच नाही. साचलेलं पाणी. हे गेलंय."

ती मुळं तिने तापानंतर भिजवली होती. न वाळलेलीच भिजवली असणार. तिने बरणी मोरीत ओतली. वाईट वाटलं, पण धीरही आला. हे नाक खोटं बोलत नव्हतं.

त्यांनी प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवली, आणि शटर पुन्हा वर गेलं. सगळ्यात आधी बेकरीवाला आला. नवऱ्याने बाटली उघडून त्याच्यासमोर धरली, तेव्हा तो नाक दाबून म्हणाला, "हां काका, हीच ती! मांजर जाणार आज!" आधी वास, मग काकांनी सांगितलेला थांबा, ही नवी रीत लोकांना फारच आवडली. काहीजण तर काही दुखत नसतानाही यायचे आणि विचारायचे, "काका, आज लवंग कुठे जाते?"

ऋतू पालटला. एका सकाळी थेंबकाकू कापडातून झेंडूचा अर्क पिळत होती, आणि एकाएकी तिचे हात थांबले. फार लांबून, कुणी दुसऱ्या घरात गुणगुणावं तसं काहीतरी आलं. कडवट, उबदार, किंचित धुळीचं. तिने श्वास रोखला, सोडला, पुन्हा घेतला. ते तिथेच होतं.

नवऱ्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. तो नेहमीसारखा आत आला, बरणीवर वाकला आणि सांगू लागला, "बाजारामागचा थांबा. शेवटची फेरी. लोक उतरून गेलेले, बाकांवर ऊन पडलेलं..." ती डोळे मिटून ऐकत राहिली. आता सांगितलं तर उद्यापासून तो कशाला सांगेल?

तिने ते तसंच दडवून ठेवलं. वास एकेक करून परत येत गेले, लांबच्या गावाहून पाहुणे यावेत तसे, आणि प्रत्येकाला तिने गुपचूप आत घेतलं.

शेवटी एका दुपारी तोच म्हणाला, "काल दूध करपलं ना, तेव्हा मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो होतो. मला कळायच्या आत तू इथून पळत आलीस."

थेंबकाकूचे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

"आणि आज सकाळी ते कालव्याकाठचं एवढं रंगवून सांगितलंत ते?"

"तू ऐकत होतीस."

मग तिने फळीवरून नुकतीच भिजवलेली बरणी काढली, झाकण उघडलं आणि आधी स्वतः हुंगलं.

"बडीशेप. अजून कच्ची आहे," ती म्हणाली. "तुमचं काय म्हणणं?"

त्याने हुंगलं. "कच्ची कसली? मला तर शाळेच्या थांब्यापाशी पोचल्यासारखं वाटतंय."

"पोचला नाहीत. अलीकडेच आहात."

"अगं, मी गाडी चालवली आहे की तू?"

"अर्क कुणी केलाय?"

बाहेर गिऱ्हाईक येऊन खोकत उभं होतं, पण बडीशेपेचं काही त्यांचं मिटेना.