टेबलाचा कॅन्सर

बाईची किंकाळी संपायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. गोदामाचं शटर ओढलेलं, आत माणसांची रेटारेटी. जांभळ्या दिव्याखाली तिच्या मानेवरची गाठ आत्तापर्यंत केशरी चमकत होती. उजेडबाबाने लेप लावताना सांगितलं होतं, रोग असेल तिथेच उजेड पडतो. मग त्याने तापलेली लोखंडी पट्टी गाठीवर दाबली. कातडी चरचरली, उजेड विझला. "मेला रोग," म्हणत बाबाने लगेच काळं फडकं बांधलं. आठवडाभर सोडायचं नाही म्हणे.

पुढचा नंबर माझ्या वहिनीचा. तिची कॅन्सरची गाठ लहान होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. पण दादाला सुरीची भीती आणि पट्टीवर विश्वास. वहिनी घरी चला म्हणून रडत होती आणि दादाने तिची मनगटं आवळून धरली होती. मी त्याला ओढायला गेलो, तर बाबाच्या माणसाने माझ्या तोंडावर ठोसा हाणला. एक दात अजून हलतो.

माझी बायकोही सोबत आली होती. ती प्रयोगशाळेत कामाला आहे. कॅन्सरच्या पेशींना चमकणारा रंग लावायचा, उष्णता द्यायची आणि उजेड मोजून किती मेल्या ते ठरवायचं, हे तिचं रोजचं काम. बाबाही तोंड वर करून तेच सांगत होता, की मोठमोठ्या प्रयोगशाळांत असंच मारतात. अर्ध्या खऱ्याइतकं पक्कं खोटं नसतं. तिने बाबाच्या वाटीतला लेप टेबलावर फासला. बाबाच्या त्याच माणसाने तिला भिंतीवर आपटलं, कपाळ फुटलं. पण दिव्याखाली टेबल केशरी चमकत होतं.

"टेबलाला कॅन्सर झालाय," ती रक्त पुसत म्हणाली. "बरं करा त्याला."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा पट्टीला हात लावेना. मीच तापलेली पट्टी उचलून त्या डागावर ठेवली. उजेड विझला.

"आता फडकं नको," बायको म्हणाली. "निवू द्या."

लाकूड निवत गेलं तसा डाग पुन्हा उजळला. मग तिने समजावलं. हा रंग लाकडावरही चमकतो, तापला की मंदावतो, थंड झाला की परत चमकतो. प्रयोगशाळेत नवा माणूस इथेच फसतो. उजेड गेला की पेशी मेल्या समजतो. म्हणून तिथे पेशींच्या बशीबरोबर पेशी नसलेली बशीही तापवतात आणि थंड झाल्यावर दोन्ही पुन्हा बघतात.

मघाची बाई पुढे आली. तिने दिव्याखाली स्वतःच फडकं सोडलं. सोललेल्या जखमेच्या कडेला केशरी उजेड होता. गाठ होती तिथेच होती.

मग गर्दी बाबावर तुटून पडली. लाथा बसल्या, खुर्च्या मोडल्या. दादाने तीच पट्टी पुन्हा तापवली आणि बाबाच्या गालाजवळ नेली. बायको मध्ये उभी राहिली.

"याला पोलिसांत देऊ," ती म्हणाली. "पण ताईंचे हात याने नव्हते धरले, दादा."

वहिनीच्या मनगटांवर त्याच्या बोटांचे वळ होते. तो ते बघत राहिला. मग त्याने पट्टी खाली ठेवली आणि सोमवारी किती वाजता निघायचं ते विचारलं. मानेवर भाजलेल्या बाईला आम्ही त्याच पावली डॉक्टरांकडे नेलं.

तेव्हा चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी फडकं सोडा, निवू द्या आणि पुन्हा बघा. आणि तोवर कुणाचे हात धरून ठेवू नका.