वकिलाची खेळाची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे, खेळाडू खांद्याला अडकवतात तशी. त्या शेवटच्या साध्या संध्याकाळी माझ्या धन्याने मला नेहमीसारखे दाराशी ठेवले. त्याची मुलगी नाक मुरडून म्हणाली, "बाबा, हिला टाक ना आता. वास मारते."

"माणसांइतका नाही मारत," तो म्हणाला आणि चहा मागितला. सकाळी तो उठलाच नाही.

मी वास मारते, हे खरेच. वकील होण्याआधी तो फुटबॉल खेळायचा. माझ्या पोटात चिखलाचे बूट, घामट मोजे आणि गुडघ्याला चोळायचे मलम असे. गुडघा सुजला की क्लबचे अध्यक्ष म्हणत, "अरे, हे आपलं घर आहे. घरासाठी एवढं सोसायचं." मग सुई. दुखणे बधिर व्हायचे, गुडघा झिजतच राहायचा. शेवटी तो मैदानातच मोडला, तेव्हा त्या घरातले कुणी दवाखान्याकडे फिरकलेही नाही. त्याचा कप्पा रिकामा करून मला फाटकाबाहेर ठेवून दिले. मित्रांनो, मी निर्जीव, तरी मला शिसारी आली.

तो कायदा शिकला. बुटांच्या जागी फायली आल्या. न्यायालयात तो मला घेऊन लंगडत शिरला की क्लबचे वकील विचारत, "काय, आज सामना वाटतं?"

"हो. या खेपेला पंच तुमचे नाहीत."

त्याने खेळाडूंची संघटना बांधली. बाहेरच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय कुणालाही सुई टोचायची नाही, हा नियम भांडून मिळवला. अध्यक्षांनी त्याला घरभेदी म्हटले. तरी ते कधी दारात आले, तर तो मुलीला सांगे, "भांडण न्यायालयात. घरात काकांना चहा." ती ओठ मिटून चहा देई.

तो गेल्यावर तेच काका फुले घेऊन आले, ऐसपैस बसले, डोळे पुसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही दे, बेटा. क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू. खाली पाटी लावू : 'आपल्या घरचा निष्ठावंत.' नव्या पोरांना दाखवायला बरं." आणि त्यांनी माझा पट्टा धरला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण ज्यांनी माणूस वापरून फेकला, त्यांच्या हाती त्याची वस्तू देऊ नका.

मुलीने पट्टा त्यांच्या हातातून सोडवला.

"काका, बाबा होता तोवर बोलले नाही. मला तुमची किळस येते. उठा."