बाबांचं वाक्य पुरं होण्याआधी

त्या घरात सगळेच बोलघेवडे. एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं ते पुरं करायचं, ही तिथली रीतच होती. ज्याला ते जमत नसे तो मठ्ठ ठरे. तुमच्या-आमच्या घरांतही थोड्याफार फरकानं हेच चालतं, म्हणून ही गोष्ट.

घरातले बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. निवृत्तीनंतर घशाचा आजार निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये रोजच्या बोलण्यातले सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरून ठेवले. एका बोटानं टाइप केलं की लॅपटॉप ते शब्द जोडून त्यांच्याच आवाजात बोले. हात थरथरत असल्यामुळे त्यांनी कागदावर लिहिलेलं कुणालाच लागत नसे. जे काही बोलणं उरलं होतं, ते त्या लॅपटॉपमध्येच होतं.

रोज संध्याकाळी बाबा थोरल्या बहिणीला फोन लावत. तिची दृष्टी गेलेली, अंथरूण धरलेलं. भावाचा आवाज हीच तिच्या दिवसातली एकमेव सुखाची गोष्ट. पण लॅपटॉपही थकला होता. शब्द बाहेर पडायला इतका वेळ लागे की ती म्हणे, "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचा उशीर सांगितलास, आता तुझीच गाडी लेट!" हल्ली मात्र तिनं थट्टा सोडली होती. वाट बघून दमायची आणि फोन ठेवून द्यायची.

मुलगा फर्निचरच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याला काय हवं ते आपण ओळखतो, अशी त्याची फुशारकी. एका सकाळी तो म्हणाला, "बाबा, मेमरीची मोठी पट्टी बसवली की हा लॅपटॉप पळायला लागेल. आणू ना?"

बाबांनी टाइप करायला घेतलं. पडद्यावर चक्र गरगरत राहिलं.

"अहो, बाबा काहीतरी सांगताहेत," सून म्हणाली.

"काय सांगणार? खर्च नको म्हणणार. ते मी बघतो, बाबा." आणि तो चपला घालून गेलासुद्धा. सूनही स्वयंपाकघरात वळली. मग रिकाम्या खोलीत बाबांचा आवाज आला, "आधी जुनी पट्टी काढून बघ."

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मॉडेल विचारलं, तर यानं त्यालाही पुरतं बोलू दिलं नाही. "लॅपटॉपच आहे हो. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नवी द्या."

घरी त्यानं लॅपटॉप उघडला, जुनी पट्टी न वाचताच बाजूला ठेवली. नवी काही बसेना. पट्टीची खाच एकीकडे आणि खोबणीतला दात दुसरीकडे. बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि मान हलवली.

"हो हो, हळूच लावतो," म्हणत त्यानं अंगठ्यानं जोर दिला. कट्ट असा आवाज झाला. "बसली बघा." त्यानं बटण दाबलं. किंचित जळका वास आला आणि पडदा काळाच राहिला.

"याला डीडीआर थ्री जातीची मेमरी लागते, तुम्ही पुढच्या पिढीची डीडीआर फोर कोंबलीत," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. "चुकीची बसू नये म्हणूनच खाच वेगळ्या जागी असते. आत भरलेले शब्द शाबूत आहेत, पण ते जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या लॅपटॉपवर चालणार नाही, आणि याचा मुख्य बोर्ड जळालाय. एवढा जुना बोर्ड शोधायला वेळ लागेल."

त्या संध्याकाळी मुलानं फोन लावला. "आत्या, बाबा म्हणताहेत की..."

"तो म्हणतोय की तू? त्याच्याकडे दे."

बाबांनी फोन घेतला. नुसता श्वास ऐकू जात होता. "बोल की रे," आत्या म्हणत राहिली. "रागावलास का माझ्यावर?" बाबांनी बोटानं फोनवर टकटक केली. तिला त्यातून काय कळलं, कोण जाणे. लॅपटॉप बिघडल्याचं मुलानं सांगितलं, तर तिला ती सबब वाटली.

बोर्ड मिळायच्या आतच आत्या गेली.

पुढे लॅपटॉप घरी आला. योग्य मेमरी बसवलेली, चांगला चपळ. बाबांनी एका बोटानं टाइप केलं आणि आवाज लगेच आला, "रागावलो नव्हतो, ताई." एकही शब्द अडखळला नाही.

मुलाला रडू फुटलं. "बाबा, माझ्यामुळे..." बाबांनी हातानं त्याला थांबवलं आणि टाइप करू लागले. त्यांचं वाक्य पुरं करायला मुलाचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं ते मिटलं आणि जन्मात पहिल्यांदा वाट बघितली.

"पट्टी चुकली, ते मी विसरेन," लॅपटॉप बोलला. "चूक कुणाचीही होते. पण तू मला विचारलंस आणि उत्तराला थांबला नाहीस. मग विचारलंस कशाला?"

वाचकहो, जुन्या लॅपटॉपला मेमरी घ्यायची असेल तर आधी त्यातली पट्टी काढून वाचा. त्याला कोणती चालते आणि किती पेलते ते बघा. नवी आणि मोठी वस्तू सगळीकडे बसतेच असं नाही. आणि घरात कुणाचं बोलणं संथ झालं असेल, तर त्याच्या भल्याचं काही करण्याआधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आपल्याला ते आधीच कळलंय, हा आपला गैरसमज असतो.

त्या घरात आता सगळे थांबतात. फोनची वेळ झाली की बाबा लॅपटॉप उघडून बसतात, मुलगा समोर खुर्ची ओढून वाट बघतो. बाबा बहुतेक वेळा काहीच टाइप करत नाहीत.